गाळलेलं पान

कंपनीच्या मॅडमनी शाईची डबी उघडली, टेबलावरून तपासनीसांच्या हाताजवळ सरकवली आणि मला म्हणाल्या, "त्यांचा अंगठा घेतला तरी चालेल." मला म्हणाल्या. ज्यांचा अंगठा हवा होता तो माणूस हातभर अंतरावर बसलेला, कान तुमच्याआमच्यापेक्षा तिखट, आणि ही बया माझ्याशी बोलतेय. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. तपासनीसांनी खिशातून स्वतःचं पेन काढलं, टेबलावरची पट्टी चाचपून जवळ घेतली आणि सांगितलं, "सही करतो मी. जागा बाई दाखवतील. पण आधी ऐकू तर द्या काय लिहिलंय ते."

बाई म्हणजे मी. आमचा छापखाना अंधांसाठीच्या पुस्तकांचा. जाड कागदावर ठिपके उठवणारं मशिन दिवसभर धाडधाड करत असतं आणि त्याच्या शेजारच्या खोलीत एका टेबलाशी आम्ही दोघं बसतो. मी डोळ्यांनी मूळ पुस्तक मोठ्यांदा वाचायचं, तपासनीसांनी तेच पान ठिपक्यांवर बोट फिरवत वाचायचं. माझा शब्द आणि त्यांच्या बोटाखालचा शब्द जुळला नाही की त्यांचा डावा हात वर होतो. मग थांबायचं, खूण करायची, पुढं जायचं. अठरा वर्षं हेच चाललंय. स्वल्पविराम आला तर मी 'स्वल्पविराम' म्हणते, ओळ बदलली तर 'नवी ओळ' म्हणते. ही खोड घरीही सुटत नाही. किराण्याची यादी वाचतानासुद्धा माझ्या तोंडून स्वल्पविराम निघतात. नवरा म्हणतो, भांडताना तेवढा पूर्णविराम विसरतेस.

ह्या कामात वाचणाऱ्याला एकच बंधन असतं. गाळायचं नाही. कंटाळा आला, घसा बसला, मजकूर पटला नाही, तरी गाळायचं नाही. मी एक ओळ गाळली आणि मशिनानंही नेमकी तीच गाळलेली असली, तर ती ओळ कुठल्याच अंध मुलाच्या बोटाला कधी लागणार नाही, आणि गेली हेही कुणाला कळणार नाही. पहिल्या दिवशी तपासनीसांनी मला एवढंच सांगितलं होतं. पगार, सुट्ट्या, बाकीचं सगळं ऑफिसनं सांगितलं.

मॅडमशेजारी माझा धाकटा भाऊ बसला होता. तोंडावर बारा वाजलेले. त्याचं कारण मला ठाऊक होतं, म्हणून त्याच्याकडे बघायची मला इच्छा नव्हती.

पूर्वी आमच्याकडे सगळं पुस्तक हातानं ठिपक्यांत टाईप करावं लागायचं. एका पुस्तकाला चार-चार महिने. धाकट्यानं ते बघितलं आणि एक प्रोग्रॅम लिहिला. साधा मजकूर घातला की ठिपके तयार. पहिलं पुस्तक त्यातून निघालं तेव्हा आम्ही सगळे टाळ्या वाजवायच्या तयारीत होतो. तपासनीसांनी बोट फिरवायला सुरुवात केली आणि त्यांचा डावा हात काही केल्या खाली येईना. ठिपक्यांत आकड्यांना स्वतःची खूण नाही, अक्षरांचेच ठिपके वापरतात आणि आधी 'आता आकडा आला' अशी खूण देतात. 'ब' आणि 'दोन' यांचे ठिपके एकच. आकडा संपल्याची खूण प्रोग्रॅम देत नव्हता, त्यामुळं 'प्रश्न १ब' बोटाला 'प्रश्न १२' लागायचा. पूर्वी एका शाळेत परीक्षेला हेच झालं होतं. पाच प्रश्नांच्या पेपरात सगळा वर्ग बारावा प्रश्न शोधत बसला आणि पर्यवेक्षक वर ओरडत होते की लिहीत का नाही.

तपासनीस नियम सांगत गेले, मी ते लिहून घेत गेले, धाकटा ते प्रोग्रॅममध्ये घालत गेला. दोनशे सात नियम झाले. धाकट्यानं प्रत्येक नियमाच्या शेजारी तपासनीसांचं नाव घातलं. कुणी सांगितलं नव्हतं, त्याच्या मनानं घातलं. त्याचा तो स्वभाव होता, हेही सांगायला हवं, नाहीतर पुढचं वाचून तुम्हाला वाटेल तो पहिल्यापासूनच तसला.

प्रोग्रॅम त्यानं फुकट सोडला. कुणीही घ्या, वापरा, उघडून आत काय आहे ते बघा, बदला. अट एकच. बदललेलं दुसऱ्याला दिलंत, तर तेही असंच उघडं द्यायचं. हा झाला त्याचा परवाना. कुठून कुठून लोकांनी तो घेतला आणि आपापल्या दुरुस्त्या पाठवल्या. असे हातभार लावणारे सतराजण झाले. त्यापायी धाकट्यानं दोन नोकऱ्या सोडल्या. दहा वर्षं तो शाळांचे फोन घेत होता आणि घर वहिनीच्या पगारावर चालत होतं. लष्कराच्या भाकऱ्या भाजतो म्हणून सासुरवाडीला त्याची चेष्टा व्हायची. मी त्याची बाजू घेऊन भांडायचे.

मग ही कंपनी आली. तिला अंधांसाठी बोटाखाली ठिपके उठवणारं वाचायचं यंत्र काढायचं होतं आणि त्यात हा प्रोग्रॅम हवा होता, पण स्वतः केलेले बदल उघडे करायचे नव्हते. पहिल्या परवान्यात ते बसत नव्हतं. तेव्हा दुसरा परवाना काढायचं ठरलं. धाकट्यानं छापखान्यात सगळ्यांना बसवून समजावलं होतं. घर एकच, दारं दोन. पहिल्या दारानं या, काही देऊ नका, पण जे दुरुस्त कराल ते सगळ्यांसाठी ठेवून जा. ते जमत नसेल तर दुसऱ्या दारानं या, मोल द्या आणि आपलं आपल्यापाशी झाकून ठेवा. दुसऱ्या दाराच्या जिवावर पहिलं दार चालेल आणि त्याला स्वतःला नोकरीही मिळेल. मला ते पटलं होतं. तपासनीसांनाही पटलं होतं, त्यांनी तसं बोलूनही दाखवलं.

अडचण एवढीच होती की प्रत्येकानं आपली ओळ पहिल्या परवान्याखाली दिली होती. दुसऱ्यासाठी प्रत्येकाची नव्यानं संमती हवी. धाकट्यानं तेव्हा कुणाकडून कागद घेतला नव्हता. आपल्यातल्या आपल्यात कागद कसले, असं त्याला वाटायचं. सतरापैकी सोळा सह्या झाल्या. राहिले तपासनीस.

आदल्या संध्याकाळी धाकटा माझ्या घरी आला होता. स्वयंपाकघरात स्टुलावर बसून त्यानं ते सहा पानी संमतिपत्र ओट्यावर ठेवलं आणि चौथं पान वर काढलं.

"ताई, उद्या हे पान तू वाचू नकोस."

मी ते पान तिथंच वाचलं. त्यावर सातवं आणि आठवं अशी दोन कलमं होती. सातव्यात म्हटलं होतं की आजवरच्या आणि पुढच्याही दुरुस्त्या कंपनीनं वाटेल त्या परवान्याखाली द्याव्यात. आठव्यात म्हटलं होतं की पहिल्या परवान्याखाली पुढच्या आवृत्त्या काढण्याचं कुणावर बंधन नाही, कंपनीस योग्य वाटेल तेव्हा ते थांबवता येईल. म्हणजे दोन दारांची गोष्ट सांगून सह्या घ्यायच्या, आणि पहिलं दार लावून घ्यायची किल्ली कंपनीच्या पदरात. मी त्याला विचारलं की बाकीच्या सोळा जणांनी हे वाचलं का. तो म्हणाला, त्यांना पाठवलं होतं, वाचलं असेल नसेल. मग तो समजावायला लागला की जुनी आवृत्ती कुणी हिरावून घेत नाही, ती आहे तशी राहते.

"मग लपवतोस कशाला?"

"कारण ते नाही म्हणतील. आणि त्यांच्या एकट्याच्या 'नाही'पायी माझी दहा वर्षं मातीत जातील."

मी त्याला ताडताड बोलले. लाज वाटत नाही का विचारलं. तो रडला नाही, चिडला नाही, नुसता ओट्याकडे बघत बसला. बेचाळीस वर्षांचा माणूस, केस पांढरे व्हायला लागलेले. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता. त्याला अक्षरं मी शिकवली, बुटाच्या नाड्या बांधायला मी शिकवलं. माझ्याच्यानं नाही म्हणवलं नाही. झालं ते असं झालं. यापेक्षा चांगलं कारण माझ्याकडे नाही आणि आता शोधायचंही नाही.

तर मी वाचायला लागले. नेहमीसारखंच, स्वल्पविरामासकट. तपासनीसांच्या बोटाखाली आज ठिपके नव्हते. अंधांच्या पुस्तकांबद्दलचा करार, अंध माणसाकडून सही हवी, आणि कागद कुठला तर डोळसांचा. शेजारच्या खोलीत ठिपके उठवणारं मशिन धडधडत असताना हे कुणाच्याही डोक्यात आलं नाही, आणि माझ्याही नाही. त्यांनी दोन्ही तळवे टेबलावर पालथे ठेवले होते. तिसरं पान संपलं. मी दोन पानं एकदम उलटली आणि पाचव्या पानावरच्या नवव्या कलमाला 'कलम सात' म्हणाले. दहाव्याला 'कलम आठ' म्हणाले. अठरा वर्षांत जे केलं नाही ते करताना माझा आवाज जरासुद्धा हलला नाही. याचाच मला आजही जास्त संताप येतो.

सहाव्या पानावर खाली सहीच्या वर दोन ओळी होत्या. मी सुटले या आनंदात त्या जशाच्या तशा वाचल्या. "वरील दहाही कलमे मी स्वतः वाचली असून, स्वल्पविराम, ती मला समजली आहेत, पूर्णविराम."

तपासनीसांचा डावा हात वर झाला.

सवयीनं मी थांबले.

"बाई, तुम्ही आठ वाचलीत," ते म्हणाले.

धाकटा घाईघाईनं म्हणाला की छपाईची चूक असेल, घाईत कागद काढलेत. तपासनीसांनी मान त्याच्या आवाजाच्या दिशेला वळवली. "छपाईच्या चुका मी तपासतो. ही छपाईची नाही."

मी धाकट्याकडे पाहिलं. वाटलं, आता तरी तो म्हणेल की मी सांगितलं होतं. तो मोबाइल चालू करून त्यात काहीतरी शोधायला लागला. मी म्हणाले, "मी गाळलं, तपासनीस. चौथं पान." आणि ते न विचारता वाचायला घेतलं. सातवं वाचलं, आठवं वाचलं. 'कंपनीस योग्य वाटेल तेव्हा' हे शब्द त्यांनी पुन्हा वाचायला सांगितले. मी पुन्हा वाचले. एक स्वल्पविराम सुटू दिला नाही. आता त्याचा काय उपयोग होता कोण जाणे.

ते धाकट्याशीच बोलले. माझ्याशी नाही.

"दुसरं दार उघड, माझी ना नाही. तुझं पोट आहे त्यावर. त्यांना त्यांचं झाकून ठेवायचं तर ठेवू दे. पण पहिलं दार लावून घ्यायची परवानगी माझ्याकडून मागतोस? मी नियम दिले ते पुढच्या कुणीतरी त्यातल्या माझ्या चुका काढाव्यात म्हणून. बंद पेटीतली चूक कोण काढणार? तेवढं आठवं कलम काढ, आत्ता सही करतो."

मॅडम म्हणाल्या की आपल्या भावनांचा आम्हाला पूर्ण आदर आहे. ह्या वाक्यानंतर माणसं काय करतात ते मला माहीत आहे. त्यांनी शाईच्या डबीचं झाकण लावलं, ती पर्समध्ये टाकली आणि अगदी गोड आवाजात सांगितलं की काही हरकत नाही, सरांचा भाग वगळून तो आम्ही आमच्या माणसांकडून नव्यानं लिहून घेऊ, धाकट्याशी झालेल्या करारात ती सोय आहेच. दोनेक महिने लांबेल, एवढंच.

तपासनीस म्हणाले, "घ्या लिहून." त्यांनी पेन खिशाला लावलं आणि सकाळचं राहिलेलं पान बोटाखाली ओढून घेतलं.

मी धाकट्याला जिन्यात गाठलं. मॅडम खाली गाडीत जाऊन बसल्या होत्या. मी त्याला विचारलं की तपासनीसांची सही नसली तरी भागण्यासारखं होतं, हे तुला माहीत होतं का.

"होतं," तो म्हणाला. "पण दोन महिने गेले असते ना, ताई."

दोन महिने. त्याची दहा वर्षं मातीत जाणार नव्हती. नोकरी जाणार नव्हती. दोन महिन्यांची घाई होती म्हणून ह्यानं माझ्या अठरा वर्षांना चूड लावली, आणि मी ती लावू दिली. मी त्याला काय काय बोलले ते लिहीत नाही. शेजारच्या कारखान्यातले कामगार खिडकीत येऊन बघायला लागले तेव्हा मी थांबले. तो मुकाट्यानं ऐकून घेत होता आणि त्याचा एक डोळा खालच्या गाडीकडे होता, हे मात्र मी विसरणार नाही.

दोन महिने म्हणाले होते, तीन लागले. नवी आवृत्ती निघाली. हातभार लावणाऱ्यांच्या यादीत आता सोळा नावं आहेत. दोनशे सात नियम कुणीतरी पगारी माणसांनी बसून पुन्हा लिहिले. ती आवृत्ती अजून दोन्ही परवान्यांखाली मिळते, पण पुढची पहिल्याखाली मिळणार नाही असं कंपनीनं एका ओळीत जाहीर करून टाकलंय. इतक्या लवकर योग्य वाटलं त्यांना. तपासनीसांच्या नियमांची जुनी आवृत्ती आमच्या छापखान्यात चालू आहे. कुणालाही मिळेल, आजही फुकट. पण शाळांना कंपनीची चकचकीत यंत्रं भेट मिळालीत, जुनं मागायला कोण येतंय.

एका शाळेच्या बाई त्यातलं एक यंत्र घेऊन तपासनीसांकडे आल्या होत्या. तपासनीसांनी पंधरा मिनिटं बोट फिरवलं आणि तेवढ्यात अकरा वेळा हात वर केला. मी अकराही चुका लिहून कंपनीला पाठवल्या. 'आपली सूचना नोंदवली आहे' असं उत्तर आलं. पूर्वी धाकट्याला दुपारी चूक सांगितली की संध्याकाळी दुरुस्त व्हायची. आता धाकटा त्याच कंपनीत आहे. फोन केला तर म्हणतो, तो विभाग माझ्याकडे नाही, ताई. तो घरी येतो, पोरांसाठी खाऊ आणतो, मी चहा करते. ह्या विषयावर बोलत नाही, कारण बोलायला लागले तर त्याला घराबाहेर काढीन.

राग त्याच्यावर आहेच. मॅडमवर आहे. पण सगळ्यात जास्त मला तपासनीसांवर येतो, कारण त्यांनी मला शिव्या दिल्या नाहीत. एकदा न राहवून मी म्हणालेसुद्धा, की अहो तपासनीस, एकदा काय ते बोला, मला ऐकवा, म्हणजे मी मोकळी होईन. त्यांनी बोट ओळीवरून न उचलता सांगितलं, "चूक झाली की खूण करायची, बाई. पुढची ओळ वाचा." मी वाचली. खोटं कशाला सांगू, कामात ते माझ्याशी पूर्वीसारखेच आहेत. चहा आला की अर्धा माझ्यापुढं करतात. घसा बसला तर खडीसाखर देतात.

फक्त संमतिपत्राच्या दुसऱ्या दिवसापासून एक नवीन गोष्ट सुरू झाली. सकाळी मी मूळ पुस्तकाचे कागद घेऊन टेबलाशी बसते. वाचायला तोंड उघडते. तेव्हा ते हात पुढं करतात आणि म्हणतात, "द्या."

मी कागद देते. ते गठ्ठा टेबलावर आपटून कडा सारख्या करतात, अंगठ्यानं एकेक पान मागं टाकत मोजतात. घाई करत नाहीत. आज चौतीस होती. "चौतीस," असं त्यांनी मला मोठ्यांदा सांगितलं आणि कागद परत दिले, आणि मी पहिल्या पानाच्या पहिल्या ओळीपासून वाचायला लागले.